वाचक क्रमांक दोन

रिकव्हरीच्या खोलीला एकच दार होतं आणि त्याला आतून कडी होती. ऑपरेशन झालेली मुलं भुलीतून जागी व्हायची ती या खोलीत. चार खाटा, चार मॉनिटर आणि भिंतीवर एक मोठं गोल घड्याळ. मुलं जागी व्हायची, आधी छताकडे बघायची, मग हाताला लावलेल्या नळीकडे, आणि मग आईला शोधायला लागायची. आई दाराच्या पलीकडे पॅसेजमध्ये उभी असायची. 'पालकांना आत प्रवेश नाही' ही पाटी सिस्टर नोकरीला लागली त्याच्याही आधीची होती. ती कुणी लावली ते दवाखान्यात कुणालाच सांगता येत नव्हतं.

सिस्टर त्या खोलीत एकवीस वर्षं होती. दवाखान्यात सिस्टर सहा होत्या, पण नुसतं 'सिस्टर' म्हटलं की लोकांना तीच कळायची. एकवीस वर्षं ती मुलांना "आई येतेय हं" असं सांगत आली होती. आई येत नसे, कारण कडी सिस्टरनेच लावलेली असे.

वर्षभरापूर्वी एके दिवशी धीर करून ती अधीक्षकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "साहेब, मुलं जागी होताना आई किंवा बाबा, कुणीतरी एकजण जवळ असू द्या. मुलं कमी रडतील."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुम्हाला तसं वाटतं," ते म्हणाले. "मलाही पुष्कळ काही वाटतं, सिस्टर. उद्या एखादा बाप आत चक्कर येऊन पडला तर मुलाला बघू की बापाला? वाटण्यावर दवाखाना चालवता येत नाही. पुरावा आणा. दुसऱ्या दिवशी दार उघडून देतो."

पुरावा कुठून आणायचा असतो ते तिला ठाऊक नव्हतं. पण त्याच महिन्यात नोटीस बोर्डावर एक कागद लागला. दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी एका वर्षाची फेलोशिप होती. जगभर एखाद्या प्रश्नावर झालेले सगळे अभ्यास शोधायचे, चाळायचे, त्यांतले चांगले निवडायचे आणि सगळ्यांचे आकडे एकत्र मांडून उत्तर काय निघतं ते बघायचं. हे शिकवायला एक मार्गदर्शक मिळणार होत्या. प्रश्न आपला आपण आणायचा. सिस्टरकडे प्रश्न तयारच होता.

कपडे बदलायच्या खोलीत मावशींनी तिला अर्ज भरताना पाहिलं. मावशी म्हणजे वॉर्डातल्या सर्वांत जुन्या मदतनीस.

"आता या वयात परीक्षा?" मावशी म्हणाल्या. "चष्म्याचा नंबर काढून ठेव आधी."

"परीक्षा नाही हो. वाचायचंय फक्त."

"तेच तर. आमच्याकडे वाचणारा माणूस कामातून गेलाच म्हणून समजतात."

मार्गदर्शक मॅडम दूरच्या एका विद्यापीठात होत्या. दर गुरुवारी पाच वाजता त्या पडद्यावर दिसत. केस पांढरे, आवाज बारीक, आणि मागे पुस्तकांऐवजी एक खिडकी. पहिल्याच गुरुवारी त्यांनी काचेची एक बरणी पडद्यासमोर धरली. बरणीत रंगीबेरंगी बटणं होती.

"किती आहेत? अंदाज करा आणि मला लिहून पाठवा. एकमेकांना सांगायचं नाही."

फेलो चौघं होते. चौघांनी आकडे पाठवले आणि मॅडमनी ते वाचून दाखवले. एकशेवीस, दोनशे सत्तर, तीनशे दहा, नव्वद. मग त्यांनी दुसरी बरणी काढली आणि या वेळी एकामागून एक मोठ्याने सांगायला लावलं. पहिला दोनशे म्हणाला. दुसरी एकशे नव्वद म्हणाली. तिसरा दोनशे दहा, आणि सिस्टर शेवटची होती, ती दोनशे म्हणाली.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या वेळी चार डोकी होती. दुसऱ्या वेळी एकच होतं, बाकीचे तिघं त्याच्या मागे उभे होते. या बरणीत बटणं चारशेच्या वर आहेत." त्यांनी बरणी खाली ठेवली. "आपल्या कामात प्रत्येक कागद दोघं वाचतात. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला सापडावी. पण ती कधी सापडेल? दोघांनी एकाच कागदाकडे बघितलं आणि एकमेकांकडे नाही बघितलं, तरच. दोघांचं पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही. एवढा एक नियम पाळलात तर बाकीचं मी शिकवते."

सिस्टरने वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तिच्या प्रश्नासाठी शोधात एक हजार नऊशे छत्तीस गोषवारे निघाले. गोषवारा म्हणजे शोधनिबंधाच्या डोक्यावर असतो तो दहा-पंधरा ओळींचा मजकूर. तो वाचायचा आणि 'घ्या' किंवा 'सोडा' यांतलं एक बटण दाबायचं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात दोन ओळी असत. एकीत 'वाचक १' आणि पुढे तिने वाचलेल्यांची संख्या. दुसरीत 'वाचक २', म्हणजे मॅडमनी बाहेरून नेमलेला, तिला अनोळखी असा दुसरा वाचक, आणि एक संख्या. वाचक दोन काय निवडतो ते दिसत नसे. किती वाचले एवढंच दिसे.

ड्यूटी संपवून ती घरी यायची तेव्हा सहा वाजलेले असायचे. घर दोन खोल्यांचं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि लेक नोकरीला दुसऱ्या शहरात होती. जेवणाच्या टेबलावर आता तिचा लॅपटॉप असे आणि ताट एका कोपऱ्यात. एका खुर्चीवर ती बसे. उरलेल्या तीन खुर्च्यांपैकी एकीवर इस्त्रीचे कपडे असत, दुसरीवर वर्तमानपत्रं, आणि तिसरी तिने रिकामीच ठेवली होती. का ठेवली होती, ते तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

लेकीचा फोन रविवारी येई.

"आई, दिवसभर कुणाशी बोलतेस का तू?"

"बोलते की."

"काय बोलतेस?"

"खोल श्वास घे. डोळे उघड. नाव सांग बघू तुझं."

"आणि ड्यूटी संपल्यावर?"

"संपल्यावर वाचते."

लेक हसली. "मी पुढच्या महिन्यात येते," ती म्हणाली. पुढच्या महिन्यात तिला रजा मिळाली नाही.

वाचताना सिस्टरला एक सवय लागली. तीस-चाळीस गोषवारे झाले की ती वरच्या कोपऱ्याकडे बघायची. कधी वाचक दोनची संख्या तिच्यापुढे असे, कधी मागे. बऱ्याचदा ती बघत असतानाच आकडा बदले. तीनशे चारचे तीनशे पाच होत. म्हणजे या क्षणी कुठल्यातरी खोलीत कुणीतरी तोच मजकूर वाचत होतं. मग ती चहा करायला उठली तरी मनात म्हणे, थांब हं, आलेच. एका बुधवारी पूर्ण संध्याकाळ तो आकडा हलला नाही तेव्हा तिच्या जिवाला घोर लागला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हलला आणि तिने एकटीनेच टेबलावर हात आपटला.

चाळणी संपली तेव्हा नियमाप्रमाणे दोघांना बोलायची मुभा मिळाली, कारण जिथे मतं जुळली नव्हती ते एकसष्ट गोषवारे समोरासमोर ठरवायचे होते. सिस्टरने फोन लावला.

"वाचक एक बोलतेय," ती म्हणाली.

"वाचक दोन ऐकतोय," पलीकडचा आवाज म्हणाला. आवाज घोगरा होता, पन्नाशीतला. तो एका दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर काम करणारा फार्मासिस्ट होता. "एक विनंती आहे. मला दोन नंबर म्हणू नका, लोकांना वाटेल धंदा काळा आहे."

"मग काय म्हणू?"

"काहीही म्हणा. खिडकीवर लोक मला 'अहो, ऐकलं का' म्हणतात."

सिस्टर इतकी हसली की तिला फोन खाली ठेवावा लागला. मग ती त्याला दोन नंबरच म्हणत राहिली आणि त्याने तक्रार केली नाही. एकसष्ट गोषवारे ठरवायला एक संध्याकाळ पुरली असती. त्यांनी सहा लावल्या. तो त्याच्या खिडकीवरच्या गोष्टी सांगे. एका आजोबांनी डोळ्यांत घालायचे थेंब चार दिवस चहात घालून घेतले होते आणि वर तक्रार केली होती की चहा बिघडतो. ती मुलांच्या गोष्टी सांगे. त्याच्याही घरी कुणी नव्हतं. हे त्याने सांगितलं नाही. पण तिच्या कानावर त्याच्या घरातला दुसरा आवाज कधी आला नाही.

शेवटी नऊ अभ्यास उरले. आता पुढची पायरी होती. प्रत्येक अभ्यासातले आकडे काढून तक्त्यात भरायचे. पालक जवळ असलेली मुलं सरासरी किती मिनिटं रडली, पालक नसलेली किती, गटात मुलं किती, आणि मिनिटांचा फैलाव किती. तेही दोघांनी वेगवेगळं. मॅडमनी गुरुवारी पुन्हा आठवण केली. "आता फोन बंद. दोघांचे तक्ते माझ्याकडे आले की मग हवं तेवढं बोला."

पहिला तक्ता सिस्टरने एकटीने भरला, दुसराही. तिसऱ्यापाशी ती अडली. त्या अभ्यासात सरासरीपुढे अधिक-उणेचं चिन्ह आणि एक लहानसा आकडा होता. साडेअकरा, अधिक-उणे शून्य पूर्णांक नऊ. तो आकडा फैलावाच्या घरात भरायचा का? तिने वही उलटून पाहिली. सहा वाजून गेले होते. घरात फ्रीजचा आवाज येत होता. गुरुवार अजून पाच दिवस लांब होता.

तिने फोन लावला.

"नियम मोडताय," दोन नंबर म्हणाला, पण त्याच्या आवाजात आनंद होता.

"एकच विचारते. अधिक-उणे म्हणजे फैलावच ना?"

"तेच असणार. दुसरं काय असतं?"

"मग मी शून्य पूर्णांक नऊ भरते."

"भरा. मीही तेच भरतो."

त्यानंतर ते दर संध्याकाळी बोलले. नऊपैकी पाच तक्ते त्यांनी फोनवर भरले. तिला ते नियम मोडल्यासारखं वाटलंच नाही. खूप दिवसांनी कुणीतरी त्याच टेबलाशी बसल्यासारखं वाटलं. आकडे वाचून दाखवताना ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोले.

दोघांचे तक्ते मॅडमकडे गेले तेव्हा ते जवळजवळ तंतोतंत जुळले. मॅडमनी कौतुक केलं. मग संगणकाने नऊ अभ्यास एकाखाली एक मांडले. मधोमध एक उभी रेघ होती. पालक असण्या-नसण्याने काही फरक पडत नसेल तर उत्तर त्या रेघेवर येणार. फायदा असेल तर डावीकडे. सगळ्यांत खाली पत्त्यांतल्या चौकटीसारखा एक आकार उमटला, तो नऊ अभ्यासांचं एकत्रित उत्तर सांगणारा; जितका रुंद, तितकी उत्तराची खात्री कमी. तो रेघेच्या चांगलाच डावीकडे होता. पालक जवळ असले तर मुलं पाच मिनिटं कमी रडत होती.

सिस्टर तो कागद छापून अधीक्षकांकडे घेऊन गेली. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"शब्द दिला होता," ते म्हणाले. "पुढच्या एक तारखेपासून एक पालक आत. खुर्ची सांगून ठेवतो."

चार दिवसांत खुर्ची आली. निळी, धुता येण्याजोगी. ती पॅसेजमध्ये ठेवली होती, अजून तिच्यावरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. मावशी जाता-येता तिच्यावर हात फिरवत.

"एकवीस वर्षं कडी लावलीस," त्या म्हणाल्या. "आता काढशील तेव्हा मला हाक मार."

एक तारखेला दहा दिवस असताना दोन भाऊ ऑपरेशनला आले. जुळे, पाच वर्षांचे, दोघांचेही टॉन्सिल काढायचे. एकाच सकाळी, एकाच डॉक्टरांकडून, एकच भूल. शेजारशेजारच्या खाटांवर ते जागे झाले. सिस्टरला आता सवयच लागली होती, तिने दोघांसाठीही घड्याळ बघितलं. एकजण चार मिनिटं रडला आणि माझा मोजा कुठाय म्हणून विचारू लागला. दुसरा एकतीस मिनिटं रडला.

सिस्टर त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिच्या मनात एक आकडा अडकला. शून्य पूर्णांक नऊ.

फैलाव म्हणजे काय ते मॅडमनी छान समजावलं होतं. एका वर्गातल्या चाळीस मुलांची उंची मोजा. सरासरी एकच निघेल, पण कुणी ठेंगू असेल, कुणी ताडमाड. सरासरीपासून मुलं साधारण किती लांब पसरली आहेत, तो फैलाव. फैलाव शून्य पूर्णांक नऊ, याचा अर्थ त्या अभ्यासातली बेचाळीसच्या बेचाळीस मुलं जवळजवळ सारखीच रडली. कुणी साडेदहा मिनिटं, कुणी साडेबारा. इथे एका पोटची, एका दिवशी जन्मलेली दोन मुलं चार आणि एकतीस मिनिटं रडत होती. एकवीस वर्षांत तिने अशी बेचाळीस मुलं कधी पाहिली नव्हती. अशी मुलं नसतातच.

घरी येऊन तिने चपलाही न काढता तो निबंध उघडला. तक्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक तळटीप होती. अधिक-उणेनंतरचा आकडा हा फैलाव नाही, ती प्रमाण त्रुटी आहे. म्हणजे मुलं किती पसरलेली आहेत ते नाही, तर काढलेली सरासरी किती भरवशाची आहे ते. हा आकडा नेहमीच लहान असतो, आणि मुलं जास्त घेतली की आणखी लहान होतो. त्यातून फैलाव काढायला एक साधा हिशोब करावा लागतो. तिने केला. उत्तर सहाच्या जवळपास आलं.

शून्य पूर्णांक नऊ नव्हे, सहा. चुकीच्या आकड्यामुळे संगणकाला वाटलं होतं की या अभ्यासाइतकं पक्कं जगात काही नाही, आणि त्याने शंभरातले एक्क्याऐंशी गुण या एकट्याला देऊन टाकले होते. बाकीचे आठजण बोलत होते, पण हा एकटाच दरडावून बोलत होता. तिने आकडा बदलला आणि बटण दाबलं. चौकट उजवीकडे सरकली. तिचं उजवं टोक उभ्या रेघेच्या पलीकडे गेलं.

फायदा असेल. नसेलही. नक्की सांगता येत नाही.

तिने आता चपला काढल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या. मग तिने दोन नंबरला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "आकडा दुरुस्त करू या. मॅडमना म्हणू, तळटीप नजरेतून सुटली होती, आता सापडली. होतं असं."

"आणि दोघांच्याही नजरेतून एकाच वेळी कशी सुटली?"

पलीकडे भांड्यात डाव फिरत राहिला.

"फोनचं सांगावं लागेल," ती म्हणाली.

"सांगायलाच हवं का? त्याने काय बदलणार आहे?"

"आपण पाच तक्ते फोनवर भरले. एक चूक मला सापडली, ती जुळ्यांमुळे. बाकीच्या चारांत काय आहे ते कोण सांगणार? फोनचं लपवलं तर मॅडमना वाटणार की ते दोघांनी तपासलेत. ते एकानेच तपासलेत. किंवा कुणीच नाही."

पलीकडचा ढवळण्याचा आवाज थांबला.

"तुमचं दार जाईल, सिस्टर," तो म्हणाला. "खुर्चीसुद्धा आलीय म्हणालात."

"हो."

"एक तारीख कितीवर आली?"

"दहा दिवसांवर."

"मी तुमच्या जागी असतो तर एक तारीख जाऊ दिली असती," तो म्हणाला. "एकदा उघडलेलं दार कुणी बंद करत नाही."

तिलाही तेच वाटलं होतं. तळटीप वाचल्यापासून फोन लावेपर्यंत ती तेवढाच विचार करत होती. "चुकीच्या आकड्यावर उघडलेल्या त्या दारात उभी मी असते," ती म्हणाली. "रोज."

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "सांगा. माझंही सांगा. तेच असणार, असं मीच म्हणालो होतो. आणि मग..." तो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "मग फोन बंद म्हणायचा."

"हो."

"बरं. थेंब चहात घालू नका."

गुरुवारी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. ते जास्त जड गेलं.

"बरणी आठवते?" त्यांनी विचारलं.

"आठवते. मी दोनशे म्हणाले होते."

"मीही कधीतरी म्हणाले होते," मॅडम म्हणाल्या. "एकट्याने वाचणं अवघड असतं. ते मी तुम्हाला शिकवायला हवं होतं, मी नुसता नियम सांगितला." त्या खिडकीकडे वळल्या आणि परत पडद्याकडे. "नऊही तक्ते दोघांनी पहिल्यापासून भरायचे. दोन महिने वाढवून घेते मी. आणि साहेबांना आजच सांगा. माझ्या पत्राची वाट बघू नका."

अधीक्षकांना तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी एक तारीख कॅलेंडरवर खोडली. दुसऱ्या दिवशी मावशींनी खुर्चीकडे बघून तिला विचारलं, "हिचं काय?" सिस्टर म्हणाली, "राहू दे तिथेच." त्या दिवशी मावशींना कुठलीच चेष्टा सुचली नाही.

दोन महिने ती सहा वाजता घरी येत राहिली, टेबलाशी बसत राहिली. नऊ अभ्यास, पहिल्यापासून, प्रत्येक तळटीप बोट ठेवून. वरच्या कोपऱ्यात आकडा हलत असे. वाचक २, तीन पूर्ण. वाचक २, चार पूर्ण. ती फोन उचलायची आणि परत ठेवायची. एकदा तो आकडा आठ दिवस हलला नाही. आजारी असेल का? कुणी विचारपूस करणारं असेल का? मॅडमना विचारता आलं असतं, पण तिने तेही केलं नाही, का कोण जाणे. नवव्या दिवशी पाच पूर्ण झाले. त्या रात्री ती जेवली आणि लॅपटॉप न उघडता झोपून गेली.

फोनवर भरलेल्या बाकीच्या चार तक्त्यांत आणखी एक चूक निघाली. ती वाचक दोनला सापडली, तिला सापडली नव्हती. ते नंतर मॅडमकडून कळलं. चौकट जिथे होती तिथेच राहिली, रेघेला खेटून, एक टोक पलीकडे. नुकसान मात्र कुठल्याच अभ्यासात दिसलं नव्हतं. पालक आत आल्याने जंतू वाढले किंवा काम खोळंबलं असं नऊपैकी एकानेही लिहिलं नव्हतं. त्यांतल्या चौघांनी तर ते मुद्दाम मोजलं होतं.

हे सगळं एका कागदावर लिहून ती साहेबांपुढे उभी राहिली.

"म्हणजे तुम्हीच म्हणताय, नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"मग मी दार कसं उघडू?"

तिने आवाज न चढवता विचारलं, "साहेब, दार बंद ठेवायचा पुरावा कुठे आहे? मी एक हजार नऊशे छत्तीस गोषवारे वाचले. त्याच्यासाठी एकही निघाला नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "ते आधीपासून बंद आहे," ते म्हणाले, आणि आपलं वाक्य आपणच ऐकल्यासारखे थबकून त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "लेखी द्या. समितीपुढे ठेवतो. तीन-चार महिने लागतील. आणि समिती नाहीसुद्धा म्हणेल, तयारी ठेवा."

"देते लेखी."

"तोपर्यंत पालक आत नाहीत."

"नाहीत, साहेब."

दुपारी हर्नियाचं ऑपरेशन झालेली एक तीन वर्षांची मुलगी खोलीत आली. अर्ध्या तासाने ती जागी झाली. छताकडे बघितलं, नळीकडे बघितलं, आणि आईला हाक मारली. सिस्टरच्या तोंडाशी नेहमीचं वाक्य आलं. आई येतेय हं. ते तिने बोलून टाकलं नाही.

"आई दाराच्या बाहेर आहे," ती म्हणाली. "ती आत येऊ शकत नाही. पण ती तिथेच आहे, निळ्या खुर्चीवर."

मुलगी रडायला लागली. सिस्टर उठली आणि दारापाशी गेली. पालकांनी आत यायचं नाही असं पाटीवर होतं. कडी लावायचीच असं पाटीवर नव्हतं. ते इतकी वर्षं तीच करत आली होती. तिने कडी काढली आणि दार वीतभर उघडलं. बाहेर प्लास्टिक न काढलेल्या खुर्चीच्या अगदी कडेला एक बाई बसली होती.

"आत येऊ नका," सिस्टर तिला म्हणाली. "पण बोला तिच्याशी. तुमचा आवाज आत येईल."

"काय बोलू?"

"घरी बोलता तेच."

ती बाई फटीपाशी सरकली आणि बोलू लागली. अंगणातल्या मांजराने आज काय केलं, मावशी संध्याकाळी काय आणणार आहे, असलंच काहीबाही. मावशी हा शब्द ऐकून पॅसेजच्या टोकाला फरशी पुसणाऱ्या मावशींनी मान वर केली. त्यांनी उघडं दार बघितलं, सिस्टरकडे बघितलं, आणि पुन्हा खाली वाकून पुसू लागल्या.

मुलगी सात मिनिटांत रडायची थांबली. सिस्टरने घड्याळ बघून वहीत सात लिहिलं. एका मुलीचं सात, त्यावरून काहीच ठरत नाही, हे आता तिला पक्कं माहीत होतं. ती कदाचित तशीही सात मिनिटंच रडली असती.

संध्याकाळी घरी आल्यावर तो आकडा कुणालातरी सांगावा असं तिला फार वाटलं. बोलायला आता कुणाची हरकत नव्हती, तक्ते संपले होते. तिने इस्त्रीचे कपडे उचलून कपाटात ठेवले, वर्तमानपत्रं गठ्ठा करून दाराशी ठेवली, आणि दोन नंबरला फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

तो परत फोन करील म्हणून ती वाट बघत बसली. फोन तिने टेबलावर, समोरच्या बाजूला, आधीपासून रिकाम्या ठेवलेल्या खुर्चीपुढे ठेवला होता.